आपलं आपल्याला उतरता यावं

माझ्या आत्याला नवी गाडी घ्यायची होती आणि तिला सेडानच हवी होती. तिचं वय 71. साताऱ्यातल्या एका हायस्कुलात तिने आयुष्यभर गणित शिकवलं. गाडी चालवायला शिकली तेव्हा गावात स्टिअरिंगवर बसणाऱ्या बायका मोजक्याच होत्या. काकांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, डावा गुडघा बदललेला आहे. तेव्हापासून घरची गाडी तीच चालवते आणि काका शेजारी बसतात. दारातल्या जुन्या एस्टीमचं पंधरा वर्षांनंतर एकदा पाच वर्षांसाठी पासिंग करून घेतलं होतं, ते पुन्हा करायची वेळ आली. सुटे भागही मिळेनासे झाले होते. तेव्हा तिचा मला फोन आला. "ही माझी शेवटची गाडी. म्हणून घाई करायची नाही. नीट बघून घेऊ. तू ये."

तिच्या आवाजात खंत नव्हती. हिशेबातली शेवटची ओळ वाचावी तसं सरळ तिने ते सांगितलं. मी साताऱ्याला गेलो. तिच्याबरोबर गाड्या पाहिल्या, दारं उघडली-मिटली, सीटवर बसलो, उठलो. या सगळ्यात माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. म्हाताऱ्या शरीराला गाडीत हवा असतो तो आराम मऊ गादीचा नसतो. कुणाचा हात न मागता आत बसता यावं, कुणाची वाट न पाहता बाहेर पडता यावं, यात तो असतो. गाडी आरामदायी आहे की नाही, हे ती चालायला लागण्याआधीच, दाराशीच ठरतं.

घरात मतांना तोटा नव्हता. बेंगळुरूचा आतेभाऊ म्हणाला, "आईला आता ड्रायव्हर ठेवू, पगार मी देतो." पुण्याच्या बहिणीचं म्हणणं, उंच एसयूव्ही घ्या, बसायला सोपी पडते, आणि आजकाल सेडान घेतं कोण? कुणी विजेवरची गाडी सुचवली, कुणी म्हणालं गाडीच नको, रिक्षा आहेत की. यातलं एकही मत वाईट हेतूने दिलेलं नव्हतं. प्रत्येकाला आत्याची काळजी होती. फक्त प्रत्येकजण तिच्या वतीने ठरवत होता, तिला विचारत कुणी नव्हतं. ड्रायव्हरच्या सूचनेवर ती मला एवढंच म्हणाली, "ड्रायव्हर ठेवला की माझ्या जाण्यायेण्याला त्याचं वेळापत्रक लागू होतं. मला चार वाजता वाटलं की चार वाजता निघता आलं पाहिजे."

आत्याच्या पिढीची गाडीतल्या सुखाची कल्पना घडली ती दोन गाड्यांत. एक ॲम्बेसिडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून 2014 पर्यंत कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात बनत राहिली. दुसरी फियाट, म्हणजे आपल्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने इतकी वर्षं काढली की ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढायला गेले. आत्या गाडी शिकली ती याच पद्मिनीवर. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली आणि पुढची सीट सलग.

ॲम्बेसिडरची मागची सीट म्हणजे ओसरीवरचा बाकच. पाठ ताठ, पाय मोकळे, छत इतकं उंच की फेटा बांधलेला माणूसही आत ताठ बसे. आजच्या सेडान त्या मानाने बुटक्या. वाऱ्याला कमी विरोध व्हावा, पेट्रोल कमी लागावं आणि दिसायला धावती वाटावी म्हणून छप्पर मागच्या बाजूला उतरत गेलं, छताबरोबर सीटही खाली गेली आणि पुढची काच आडवी झाली. त्यामुळे आत जाताना आधी डोकं वाकवायचं, मग कमरेतून खाली जायचं आणि उतरताना तेवढंच वर यायचं. तरुण शरीराच्या हे ध्यानातही येत नाही. सत्तरीच्या गुडघ्यांना मात्र या उठबशीचा प्रत्येक इंच मोजून द्यावा लागतो. वडीलधारी मंडळी उंच गाड्यांकडे वळली त्यामागे हेच कारण आहे आणि ते खरं आहे.

मग आत्याला सेडानच का हवी होती? तिच्याकडे त्याचं उत्तर होतं, आणि तेही मोजलेलं. शिवणाच्या डब्यातली टेप काढून तिने घरातल्या खुर्च्यांची उंची घेतली. कोणत्या खुर्चीतून काकांना हाताचा आधार न घेता उठता येतं, कोणत्या खुर्चीत तिचे स्वतःचे पाय जमिनीला टेकतात, हे वहीत लिहिलं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या साधारण 18 इंची असतात. काकांना ती उंची सोयीची. आत्या जेमतेम पाच फूट. तिला इंचभर कमी असलेली बरी. "उंच गाडीत काका चढतील," ती म्हणाली, "पण मला तिथे आधी पाय उचलून पायरी शोधावी लागते. उतरताना तर जमीन कुठे आहे ते दिसतच नाही, पाय लोंबकळतो. पडायचं भय चढताना नसतं रे, उतरताना असतं."

एका घरात दोन शरीरं, दोघांची मापं वेगळी. बसण्याच्या जागेची उंची अशी हवी की एकाला फार खाली जावं लागू नये आणि दुसरीला वर चढावं लागू नये. बसायला सर्वांत सोपी गाडी ती, जिच्यात माणूस खुर्चीत बसतो तसा नुसता आडवा सरकून बसतो. काही सेडानमध्ये हे साधतं, काहींमध्ये नाही. ते कागदावरच्या आकड्यांवरून समजत नाही, त्यासाठी माणसालाच तिथे बसवून पाहावं लागतं.

दुसरं कारण घाटाचं. काकांना गाडी लागते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे वळणावर तिचं अंग बाहेरच्या बाजूला अधिक झुकतं आणि आतल्या माणसाचं डोकं डोलत राहतं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जा, नाहीतर वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जा, या हेलकाव्यांचा हिशेब पोटाला लागतो. सेडान जमिनीलगत बसते, वळणात कमी कलते. आत्याचं माहेर वाईच्या बाजूचं, सणावाराला ती जाणारच. काकांचा प्रवास सुखाचा होणं ही तिच्या दृष्टीने चैन नव्हती. ते जमलं नाही तर काका घरीच राहतील आणि मग तीही जाणार नाही.

हायवेलगतच्या एका शोरूममध्ये आम्ही गेलो. विक्रीचं काम करणारा मुलगा हसतमुख, नम्र होता. पण तो सगळं मला सांगत होता. ॲव्हरेज मला, हप्ता मला, रंग मला. आत्याकडे हात करून म्हणाला, "सर, मॅडमना मागे एसीची वेगळी हवा मिळेल." आत्या गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेली आणि म्हणाली, "बाळा, मी पुढे बसणार आहे. या बाजूला." त्यानंतर मी मुद्दामच दोन पावलं मागे राहिलो. मुलगा हुशार होता. पुढचं प्रत्येक वाक्य तो तिच्याशी बोलला, आणि तिने टेप काढली तेव्हा दुसरं टोक त्यानेच धरलं. मापं घेताना त्यालाही मजा वाटू लागली. आपल्या आजीला गाडीत बसवताना काय होतं ते तो आपणहून सांगू लागला.

वडीलधाऱ्यांबरोबर कुठेही गेलं की हे होतं. दवाखान्यात डॉक्टर मुलाला विचारतात, बँकेत कारकून सुनेला सांगतो. समोरचा माणूस ऐकू येणारा, समजणारा, पैसे देणारा असूनही त्याच्या डोक्यावरून बोलणं चालतं. सोबत गेलेल्याचं पहिलं काम म्हणजे या बोलण्याच्या वाटेतून बाजूला होणं.

काकांना बसण्याची रीत फिजिओथेरपिस्टने शिकवली आहे. सीट आधी पूर्ण मागे घ्यायची, पाठ थोडी कलती करायची. मग गाडीकडे पाठ करून उभं राहायचं, मागचा पाय सीटला लागला की बसायचं आणि शेवटी एकेक करून दोन्ही पाय आत घ्यायचे. यासाठी काही गोष्टी लागतात. दार रुंद उघडलं पाहिजे आणि अर्ध्यात थांबवलं तर तिथेच थांबलं पाहिजे. दाराचा खालचा उंबरठा रुंद नको, नाहीतर पाय त्याच्यावरून उचलून घ्यावा लागतो. सीटच्या कडा फार उभारलेल्या नकोत. वेगात वळताना शरीर धरून ठेवायला त्या असतात, पण बसणाऱ्याच्या मांड्यांना त्या अडतात. सीटचं कापड शरीराला धरून ठेवणारं असेल तर वळणं जड जातं, म्हणून काका जुन्या रेशमी उपरण्याचा तुकडा सोबत ठेवतात, त्यावर बसून सहज फिरतात आणि मग तो काढून घेतात. दारावरची पकडायची मूठ अनेक गाड्यांत चालकाच्या बाजूला नसतेच. तरुण चालकाला तिची गरज नाही, असं बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. चालक 71 वर्षांची बाई असू शकते, हे त्याने धरलेलं नसतं.

बसणं झालं, मग चालणं. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुधा गुळगुळीत रस्त्यावर असते. आत्याने त्या मुलाला सरळ सांगितलं, "आमच्या गल्लीतून नेऊ." जुनं सातारा शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर वसलेलं. पेठांमधल्या गल्ल्या चढ-उताराच्या, अरुंद, आणि दर थोड्या अंतरावर गतिरोधक. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे गाडी त्यावर हळू चढते, हळू उतरते. गल्लीत लोकांनी आपल्या हाताने घातलेले उंचवटे असतात. ते अरुंद आणि टोकदार. सेडानचं पोट तिथे घासतं. म्हणून जमिनीपासूनची मोकळी उंची पाहावी लागते. होंडा सिटीची ती 165 मिलिमीटर आहे, अमेझची 172, स्कोडा स्लाव्हियाची 179. आकडा मोठा म्हणजे निर्धास्त असंही नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितकं मधलं पोट उंचवट्यावर टेकायचा संभव जास्त. पण हेच अंतर जास्त असलं की हायवेवर गाडी पुढे-मागे कमी डुलते. स्लाव्हियात ते 2651 मिलिमीटर, सिटीत 2600, अमेझमध्ये 2470. एकीकडचं सुख दुसरीकडे मोजून द्यावं लागतं. आत्याला ही देवघेव फार आवडली. "म्हणजे आपला रोजचा रस्ता कोणता ते आधी ठरवायचं," ती म्हणाली. तिचा रोजचा रस्ता गल्लीचा होता.

याच फेरीत एक गोष्ट लक्षात आली, जी आपल्या घरांनी कधीच ओळखली होती. गाडीत हादरे सर्वांत कमी बसतात ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ येते, म्हणून खड्ड्याचा दणका तिथे जास्त लागतो. पुढच्या सीटवर तो कमी लागतो, शिवाय पुढचा रस्ता दिसतो, त्यामुळे मळमळही कमी होते. "आजोबा, तुम्ही पुढे बसा," हे आपण मानाने म्हणत आलो. तो मान आजोबांच्या पाठीच्या मणक्यांनाही मानवत होता.

टायरचं गणित तर आत्याने जागेवर करून दाखवलं. टायरवर 185/65 असं लिहिलेलं असतं. 185 ही मिलिमीटरमधली रुंदी आणि 65 म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंच त्याची बाजू. म्हणजे ही बाजू साधारण 120 मिलिमीटर. तेच 205/55 असेल तर टायर जास्त रुंद, पण बाजू 113 मिलिमीटरच्या आसपास. खड्ड्याचा पहिला धक्का झेलते ती रबराची ही उंच बाजू आणि तिच्यामागची हवा. महागडी आवृत्ती घ्यावी तर चाकाची चकती मोठी होते, बाजू पातळ होते आणि गाडी देखणी दिसते. पाठीला मात्र कधी कधी मधल्या आवृत्तीचं साधं चाकच अधिक सुखाचं असतं. सर्वांत महाग ते सर्वांत आरामाचं, या समजाला आई-वडिलांसाठी गाडी घेणारी मुलं फार चटकन भुलतात. प्रेमापोटी भुलतात, म्हणून तर हे सांगावंसं वाटतं.

गिअरचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. आत्याचा उजवा गुडघा ठणठणीत आहे, डावा कुरकुरतो आणि क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. तेव्हा ऑटोमॅटिक गाडी घ्यायची हे ठरलेलंच होतं, पण ऑटोमॅटिकचे प्रकार अनेक. एएमटी सर्वांत स्वस्त. त्यात गिअर आणि क्लच नेहमीचेच असतात, ते बदलायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते, गाडी किंचित थबकते आणि मान पुढे झुकते. तरुण मानेला त्याचं काही नाही. आत्याच्या मानेला स्पॉन्डिलायटिसचा त्रास आहे. सीव्हीटीत गिअरचे टप्पेच नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यामधला एक पट्टा असतो, पुल्यांचा प्रभावी व्यास कमी-जास्त होत जातो आणि गुणोत्तर अखंड बदलत राहतं. गणिताच्या बाईंना हे ऐकून झालेला आनंद मी पाहिला. उतारावरच्या गल्लीत उभी गाडी सुटताना मागे सरकू नये म्हणून ब्रेक क्षणभर आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. तिचीही तिने घराजवळच्या चढावर तीनतीनदा परीक्षा घेतली.

मग हात आणि डोळे. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत एसीला गोल बटणं असायची. हाताने चाचपून फिरवली की झालं, नजर रस्त्यावरून हलत नसे. आता बऱ्याच गाड्यांत सगळं काचेच्या पडद्यावर गेलं आहे. पडद्यावर नेमक्या ठिकाणी बोट टेकवायचं तर तिकडे बघावं लागतं, आणि बोट थरथरत असेल तर ते भलतीकडेच पडतं. युरोपातल्या गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरो एनकॅप ही संस्था 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींसाठी खरी बटणं किंवा दांडे असण्याला गुण देते. तिथल्या जाणकारांना हे चाचण्या घेऊन पटलं, आत्याला तिच्या बोटांनी सांगितलं. एसीची गोल बटणं असलेलीच गाडी घ्यायची, हे तिच्या वहीतलं ठळक कलम होतं. मागे पाहायला मान पूर्ण वळत नाही, त्यासाठी मात्र मागचा कॅमेरा तिला मनापासून हवा होता. नव्या यंत्रांशी तिचं वैर नाही. जे शरीराला मदत करतं ते हवं, जे शरीराकडून जास्त मागतं ते नको, एवढी तिची कसोटी.

डिकीत काकांचा वॉकर घालून पाहिला. गावाकडून येणारी कांद्याची पिशवी, गुळाची ढेप, मिरच्यांचं पोतं वेगळ्या डिकीत राहावं आणि त्याचा वास बसायच्या जागेत येऊ नये, हाही सेडानच्या बाजूचा एक जुना, खरा मुद्दा. सीएनजीचा विचार खर्चामुळे झाला. पण बहुतेक सीएनजी गाड्यांत टाकी डिकीतच बसते, मग वॉकर कुठे? टाटांनी एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवून यावर वाट काढली आहे. तरी आत्याचं वर्षाचं चालवणं पाहता पेट्रोलच पुरेसं ठरलं.

शेवटी निर्णयात सरकारचाही वाटा होता. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कर कमी झाला. त्यातून आखूड डिकीची सेडान जन्मली. टाटांची इंडिगो सीएस 2008 मध्ये त्यातली पहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून ही दरी आणखी स्पष्ट झाली. चार मीटरांच्या आतल्या या छोट्या गाड्यांना 18 टक्के जीएसटी, लांब सेडानना 40 टक्के. लांब सेडानमध्ये काकांना पाय पसरायला जागा जास्त होती, हे खरं. पण साडेचार मीटरांची गाडी त्यांच्या गल्लीत वळवायची म्हणजे रोजची कसरत. आत्याने होंडाची अमेझ घेतली, सीव्हीटीची, 3995 मिलिमीटर लांबीची. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते हे तिला ठाऊक होतं. तिने बाहेरून भाव काढले, नको असलेली कव्हरं आणि पॉलिश यादीतून खोडली आणि आपल्या बचतीतून चेक फाडला. मुलाने पैसे देऊ केले होते. "पुढची गाडी तू घे, तुझ्यासाठी," ती त्याला म्हणाली.

'शेवटची गाडी' या तिच्या शब्दांचा मी बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे 55 ओलांडल्यावर वाहन परवाना पाच-पाच वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो. तिने तो गेल्याच वर्षी डॉक्टरच्या दाखल्यासह घेतला. म्हणजे पुढची काही वर्षं कायदाही तिच्या बाजूने आहे. त्यानंतर काय, ते तिला माहीत आहे. म्हणूनच जितकी वर्षं आहेत तितकी स्वतःच्या हाताने चालवायची, असा तिचा निश्चय. कुणी काळजीपोटी तिला मागच्या सीटवर बसवलं असतं, तर ती वर्षं आजच संपली असती. म्हातारपणी माणसाचं स्वातंत्र्य कुणी एका फटक्यात काढून घेत नाही. ते काढलं जातं सोयीच्या नावाखाली, थोडं थोडं, प्रेमाने. "तू कशाला, मी आणतो." "तू बस, आम्ही बघतो." प्रत्येक वाक्य खरं असतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक त्या माणसाची हद्द एकेक पाऊल आत सरकते.

आणि हे गाडीपुरतं नाही. आपल्या राज्याने ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला, मार्च 2023 पासून सर्व महिलांना तिकीट अर्धं केलं. दोन्ही निर्णयांनी कितीतरी आज्या घराबाहेर पडल्या, देवाला गेल्या, लेकींकडे गेल्या. पण बसची पहिली पायरी अजून गुडघ्याच्या उंचीला जाते, आणि स्टँडवर मागून कुणीतरी ढकलल्याशिवाय किंवा वरून कुणीतरी ओढल्याशिवाय ती चढता येत नाही. तिकीट माफ झालं, पायरी तशीच राहिली. सवलत देणाऱ्याने पैशांचा हिशेब केला होता, गुडघ्याचा केला नव्हता. बँकेचा उंच काउंटर, दवाखान्याची तपासणीची पलंगडी, मंगल कार्यालयातलं स्वच्छतागृह, सगळीकडे तोच राहून गेलेला हिशेब. आत्याची टेप घेऊन कुणीतरी या सगळ्या ठिकाणी फिरायला हवं.

तोवर आपल्या हातात आपल्या घरातली खरेदी तरी आहे. आई-वडील, काका-मामा, आत्या-मावशी यांच्यासाठी गाडी बघायला जाल तेव्हा आपली मतं घरी ठेवून जा. माहिती हवी तेवढी काढा, भाव करा, कागदपत्रं तपासा, त्यात आपला उपयोग आहे. पण शोरूममध्ये त्यांना पुढे होऊ द्या. दार त्यांनाच उघडू द्या, त्यांच्या रीतीने बसू द्या, आणि उतरताना हात पुढे करू नका. पहिल्यांदा वेळ लागेल, दुसऱ्यांदा कमी लागेल, तिसऱ्या गाडीपर्यंत कशात बसता येतं आणि कशातून उठता येतं ते त्यांना नेमकं कळलेलं असेल. गाडी कोणती घ्यायची, हे मग तेच सांगतील, आणि त्यांचं बरोबर असेल.